कोनोसुके मात्सुशिता

कोनोसुके मात्सुशिता (२७ नोव्हेंबर १८९४ – २७ एप्रिल १९८९) हे जपानी उद्योजक व मात्सुशिता इलेक्ट्रिक या कंपनीचे संस्थापक होते. ही कंपनी २००८ पासून पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाते. प्राथमिक शाळा अर्धवट सोडून उमेदवारीला लागलेल्या या मुलाने पुढे विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणारा जगातील एक मोठा उद्योगसमूह उभारला. जपानमध्ये त्यांना व्यवस्थापनाचा देव ही लोकोपाधी मिळाली.

स्वस्त वस्तू निकृष्टच असते, या समजाला मात्सुशितांच्या कारखान्यांनी दीर्घकाळ दिलेले उत्तर हा त्यांच्या चरित्राचा गाभा मानावा लागतो. वस्तूची किंमत उतरवायची तर कपात मालात, कामगारांच्या वेतनात की विक्रेत्याच्या नफ्यात करायची, हा प्रश्न त्यांच्यासमोर सत्तर वर्षांत वारंवार आला. त्यांची उत्तरे नेहमी सारखी नव्हती आणि काही उत्तरांवर कठोर टीकाही झाली.

बालपण आणि उमेदवारी

मात्सुशितांचा जन्म वाकायामा प्रांतातील वासा या खेड्यात झाला. आठ भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील मासाकुसु हे गावातील प्रतिष्ठित जमीनदार होते, परंतु तांदळाच्या सट्ट्यात त्यांची वडिलोपार्जित जमीन व घर दोन्ही गेले. कुटुंब वाकायामा शहरात आले आणि तेथे लाकडी पादत्राणांचे दुकान काढले. तेही चालले नाही. पुढील काही वर्षांत कोनोसुकेंनी आईवडील आणि अनेक भावंडे गमावली. स्वतः त्यांनाही फुफ्फुसाच्या विकाराने जन्मभर सतावले. प्रकृती साथ देत नसल्याने कामे इतरांवर सोपवण्याची सवय त्यांना लवकर लागली, असे त्यांचे बहुतेक चरित्रकार सांगतात.

इ.स. १९०४ च्या अखेरीस शाळा सोडून ते ओसाका येथे कोळशाच्या शेगड्यांच्या दुकानात उमेदवार म्हणून राहिले. काही महिन्यांतच ते दुकान बंद पडले व ते गोदाई यांच्या सायकलींच्या दुकानात आले. सायकल ही त्या काळी परदेशातून येणारी महागडी वस्तू होती. तिची दुरुस्ती करताना त्यांना धातूकामाची आणि गिऱ्हाइकाशी वागण्याची अशी दुहेरी शिकवण मिळाली. सायकलच्या दुकानातून कारखानदारीकडे जाणारी ही वाट मराठी वाचकाला अनोळखी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभही बेळगावातील सायकलींच्या दुकानातूनच झाला होता.

ओसाकाच्या रस्त्यांवर धावू लागलेल्या विजेच्या ट्रॅम पाहून या मुलाचे मन विजेकडे ओढले गेले. १९१० मध्ये ते ओसाका इलेक्ट्रिक लाइट कंपनीत तारा ओढणाऱ्या कारागिराचे मदतनीस म्हणून लागले आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी तपासनीस झाले. दरम्यान १९१५ मध्ये त्यांचा मुमेनो इउए यांच्याशी विवाह झाला होता. नोकरीत असताना त्यांनी दिव्याच्या होल्डरची एक सुधारित रचना तयार केली, पण वरिष्ठांना ती पसंत पडली नाही. तोच होल्डर स्वतः बनवण्याच्या जिद्दीने जून १९१७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

व्यवसायाचा आरंभ

गाठीशी शंभर येनही नव्हते. ओसाकातील दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात पत्नी मुमेनो, मेहुणा तोशिओ इउए व दोन जुने सहकारी यांच्यासह काम सुरू झाले. होल्डरचे बाह्य आवरण ज्या मिश्रणाचे बनते त्याचे प्रमाणही यांपैकी कोणाला ठाऊक नव्हते. बरीच खटपट करून ते साधले. मात्र पहिल्या दहा दिवसांत जेमतेम शंभर नग खपले आणि दोन्ही सहकारी सोडून गेले. मुमेनो यांनी आपली वस्त्रे गहाण ठेवून घर चालवले. वर्षअखेरीस विजेच्या पंख्यांसाठी लागणाऱ्या एक हजार रोधक चकत्यांची मागणी आली आणि धंदा तगला. चिनी मातीच्या चकत्या फुटत असल्याने पंखे बनवणाऱ्या कंपनीला दुसऱ्या पदार्थाच्या चकत्या हव्या होत्या. होल्डरसाठी साधलेले मिश्रण येथे उपयोगी पडले.

७ मार्च १९१८ रोजी मात्सुशितांनी आपल्या कारखान्याची रीतसर स्थापना केली. पहिली चाललेली वस्तू म्हणजे दिव्याच्या होल्डरमध्ये फिरवून बसवायचा प्लग. जपानी घरांत तेव्हा बहुधा दिव्याचीच जोडणी असे आणि इतर उपकरणांना वीज त्याच होल्डरमधून घ्यावी लागे. मात्सुशितांनी या प्लगसाठी जुन्या दिव्यांच्या धातूच्या टोप्या पुन्हा वापरल्या. त्यामुळे त्यांचा प्लग बाजारभावापेक्षा सुमारे ३० टक्के स्वस्त पडला आणि वापरण्यातही तो सरस ठरला. पाठोपाठ आलेल्या जुळ्या होल्डरलाही असाच प्रतिसाद मिळाला.

या काळातील एक निर्णय उल्लेखनीय आहे. मिश्रणाचे प्रमाण हे त्या धंद्यात गुपित मानले जाई व ते फक्त घरच्या माणसांना सांगितले जाई. मात्सुशितांनी ते नव्या कामगारांनाही शिकवले. गुपित फुटण्याचा धोका त्यांनी पत्करला, कारण गुपित सांभाळत बसल्यास मालकाच्या दोन हातांपलीकडे उत्पादन वाढणे शक्य नव्हते.

सायकलचा दिवा

सायकलला तेव्हा मेणबत्तीचे किंवा तेलाचे दिवे लावत. सेलवर चालणारे दिवे बाजारात होते, पण ते दोन-तीन तासांत विझत. सहा महिन्यांत शंभराच्या आसपास नमुने मोडून-जोडून १९२३ मध्ये मात्सुशितांनी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिवा तयार केला. तो एका सेलसंचावर तीस ते चाळीस तास चाले. घाऊक व्यापाऱ्यांचा त्यावर विश्वास बसेना. तेव्हा मात्सुशितांच्या माणसांनी ओसाकातील किरकोळ दुकानांत दिवे पेटवून ठेवले. दिवा सांगितल्याप्रमाणे चालला तरच पैसे द्यावेत, असा हा व्यवहार होता. दुकानदारांनी स्वतःच्या डोळ्यांनी दिवा जळताना पाहिला आणि मागणी सुरू झाली.

१९२७ मध्ये चौकोनी दिवा आणताना त्यांनी नॅशनल ही मुद्रा प्रथम वापरली. या वेळी दहा हजार दिवे फुकट वाटण्याचे ठरले. त्यांसाठी लागणारे दहा हजार सेल तोक्योतील सेल बनवणाऱ्या ओकादा यांनी विनामूल्य द्यावेत, आणि वर्षअखेरपर्यंत दोन लाख सेल खपले नाहीत तर मात्सुशितांनी त्यांचे पैसे भरावेत, असा करार झाला. प्रत्यक्षात ४ लाख ७० हजार सेल खपले.

इस्त्री आणि मंदी

विजेची इस्त्री ही १९२७ मध्ये जपानात सुखवस्तू घरांपुरतीच मर्यादित होती. चांगल्या इस्त्रीला चार ते पाच येन पडत आणि देशभरात वर्षाला एक लाख नगही खपत नसत. मात्सुशितांनी तेत्सुजिरो नाकाओ या तरुण सहकाऱ्याकडे काम सोपवले. इस्त्री इतरांपेक्षा सरस हवी आणि किमान ३० टक्के स्वस्त हवी, अशी अट होती. हिशेब असा निघाला की महिन्याला दहा हजार नग बनवले तरच ही किंमत परवडेल. म्हणजे एकट्या मात्सुशितांनी साऱ्या देशाच्या खपाहून अधिक इस्त्र्या करायच्या. मागणी पाहून उत्पादन ठरवण्याचा नेहमीचा क्रम त्यांनी येथे उलटवला. शाळामास्तरच्या पगारात बसेल अशी किंमत आधी ठरली, तिच्यावरून उत्पादनाचा आकडा निघाला, आणि मागणी किमतीमागून येईल असे गृहीत धरले गेले. ३ येन २० सेनची ही इस्त्री यशस्वी झाली.

दोनच वर्षांनी जागतिक मंदी आली. डिसेंबर १९२९ पर्यंत विक्री निम्म्यावर येऊन गोदामे तुडुंब भरली. मात्सुशिता तेव्हा आजारी होते. व्यवस्थापकांनी निम्मे कामगार कमी करण्याचा प्रस्ताव त्यांच्या बिछान्यापाशी नेला. त्यांनी तो नाकारला. उत्पादन निम्मे करावे, कारखाना अर्धा दिवस चालवावा, वेतन मात्र पूर्ण द्यावे आणि उरलेल्या वेळात व सुट्टीच्या दिवशीही सर्वांनी माल विकण्यास निघावे, असा त्यांचा आदेश होता. सुमारे दोन महिन्यांत साठा संपला. या निर्णयाचे वर्णन पुष्कळदा केवळ दयाबुद्धीचे उदाहरण म्हणून केले जाते. पण विस्तार करू पाहणाऱ्या कारखान्याला शिकवून तयार केलेली माणसे परत मिळवणे किती महाग पडते, हा रोखठोक हिशेबही त्यामागे होता असे मानण्यास जागा आहे.

रेडिओ

रेडिओच्या प्रकरणात मात्सुशितांना पहिली मोठी ठेच लागली. १९३० मध्ये त्यांनी एका प्रस्थापित रेडिओ उत्पादकाबरोबर भागीदारीत संच बाजारात आणले. बिघडलेले संच ढिगाने परत येऊ लागले. चौकशीत असे दिसले की जुना उत्पादक केवळ रेडिओची जाण असलेल्या दुकानांतून संच विकत असे. तेथे दुकानदार प्रत्येक संच तपासून, सैल झालेला स्क्रू आवळून, निर्वात नळी नीट बसवून मगच गिऱ्हाइकाला देत. मात्सुशितांचे दुकानदार दिवे आणि प्लग विकणारे होते. त्यांना हे येत नव्हते. भागीदाराचे म्हणणे असे की विक्री पूर्वीप्रमाणे जाणकार दुकानांपुरतीच ठेवावी. मात्सुशितांचे मत होते की दुकानदाराला उघडून पाहावा लागणार नाही असाच संच कारखान्यातून निघाला पाहिजे. भागीदारी मोडली.

नवा संच बनवण्याचे काम पुन्हा नाकाओ यांच्याकडे आले. ते रेडिओतज्ज्ञ नव्हते. तीन महिन्यांत त्यांनी तयार केलेल्या संचाला जपानी नभोवाणी संस्थेच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. त्याची किंमत ४५ येन ठेवली गेली. ती इतरांपेक्षा चढी आहे अशी वितरकांनी तक्रार केली. या वेळी मात्सुशितांनी किंमत उतरवली नाही. उत्पादकाला आणि विक्रेत्याला रास्त नफा न देणारी किंमत टिकत नाही व शेवटी तिचा भार मालाच्या दर्जावर पडतो, अशी त्यांची भूमिका होती. उत्पादन वाढले तशी किंमत पुढे खाली आली. १९३२ मध्ये त्यांनी रेडिओच्या रचनेतील एका महत्त्वाच्या भागाचे एकस्व विकत घेऊन ते सर्व उत्पादकांना मोफत खुले केले.

नळाच्या पाण्याचे तत्त्व

५ मे १९३२ रोजी मात्सुशितांनी कर्मचाऱ्यांसमोर आपल्या उद्योगाचे ध्येय मांडले. रस्त्यावरच्या नळाचे पाणी वाटसरूने प्यायले तर कोणी त्याला चोर म्हणत नाही. पाणी मौल्यवान आहे, पण ते विपुल असल्याने जवळजवळ मोफत झाले आहे. घरगुती वस्तूही तितक्याच विपुल व स्वस्त करून दारिद्र्य हटवणे हे उद्योगाचे काम आहे, असा त्याचा सारांश. ध्येयपूर्तीसाठी त्यांनी अडीचशे वर्षांची योजना सांगितली. विहिरीवर रांगा लावणाऱ्या किंवा टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशातील वाचकाला नळाच्या पाण्याची ही उपमा थोडी विचित्र वाटेल, पण ओसाकाच्या संदर्भात ती समर्पक होती.

पुढच्याच वर्षी कारखाने ओसाकाच्या ईशान्येकडील कादोमा येथे हलवले गेले. ही दिशा जपानी समजुतीनुसार अशुभ मानली जाई. त्याच सुमारास रेडिओ, दिवे व सेल, जोडणीचे साहित्य अशा वस्तूंनुसार स्वतंत्र विभाग पाडण्यात आले. प्रत्येक विभागाला आपला नफा-तोटा स्वतः सांभाळावा लागे. एका वस्तूचा तोटा दुसरीच्या नफ्याखाली झाकण्याची सोय त्यामुळे उरली नाही.

युद्ध आणि पुनरुभारणी

दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या मागणीवरून कंपनीने लाकडी जहाजे आणि विमानेसुद्धा बांधली. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाने मात्सुशितांवर पदबंदी लादली. ती उठवण्यासाठी त्यांच्या कामगार संघटनेने सह्यांची मोहीम काढली, हे त्या काळात विरळच होते. बंदी उठली तरी कर्ज व थकलेले कर यांत ते काही वर्षे बुडालेले होते. याच दिवसांत, १९४६ मध्ये, त्यांनी पीएचपी ही चिंतनसंस्था स्थापन केली. मेहुणे तोशिओ इउए यांनी १९४७ मध्ये वेगळे होऊन सान्यो ही कंपनी सुरू केली.

१९५१ मध्ये मात्सुशिता प्रथमच अमेरिकेला गेले. तेथील कामगार दोन दिवसांच्या मजुरीत रेडिओ विकत घेऊ शकतो आणि आपल्या कामगाराला त्यासाठी महिन्याहून अधिक राबावे लागते, ही तफावत त्यांच्या मनात घर करून राहिली. निर्वात नळ्या व चित्रनलिका यांचे तंत्रज्ञान मिळवण्यासाठी त्यांनी हॉलंडच्या फिलिप्सची निवड केली. फिलिप्सने विक्रीवर ७ टक्के तंत्रशुल्क मागितले. बोलणी लांबली. अखेर ते ४.५ टक्क्यांवर आले आणि उलट व्यवस्थापनाच्या कामाबद्दल ३ टक्के शुल्क फिलिप्सच्या सहभागातील नव्या कंपनीने मात्सुशितांना द्यावे असे ठरले. तंत्रज्ञान विकत मिळते, ते चालवणाऱ्या माणसांचीही किंमत असते, हा युक्तिवाद त्यांनी १९५२ मध्ये, देश पराभवातून सावरत असताना मान्य करून घेतला.

टोयोटाची मागणी

मात्सुशितांच्या विचारपद्धतीचे सर्वांत बोलके उदाहरण १९६१ चे आहे. त्यांची एक उपकंपनी टोयोटाला मोटारीतील रेडिओ पुरवत असे. व्यापार खुला होण्याची चाहूल लागली होती आणि अमेरिकी मोटारींशी टक्कर देण्यासाठी टोयोटाने रेडिओची किंमत ताबडतोब ५ टक्के व सहा महिन्यांत आणखी १५ टक्के कमी करण्यास सांगितले. उपकंपनीला त्या रेडिओवर सुटत होता जेमतेम ३ टक्के नफा.

मागणी अवाजवी असल्याचे सर्वांचे मत होते. मात्सुशितांनी तिच्याकडे टोयोटाच्या जागी बसून पाहिले. जपानी मोटार विकली गेली नाही तर तिच्यातला रेडिओही विकला जाणार नव्हता. त्यांच्या मते पाच टक्के कपात करणे हेच अधिक अवघड असते, कारण माणूस आहे त्याच रचनेत इथे थोडे तिथे थोडे कापत बसतो. वीस टक्के कमी करायचे असतील तर जुना आराखडा बाजूला ठेवून कोऱ्या कागदापासून सुरुवात करण्यावाचून गत्यंतर नसते. कार्यक्षमता घटू द्यायची नाही आणि टोयोटाने घातलेल्या बाह्य मापांच्या अटीही मोडायच्या नाहीत, एवढे बंधन घालून त्यांनी संपूर्ण पुनर्रचना करण्यास सांगितले. सुमारे वर्षभरात कंपनी टोयोटाची किंमत पाळूनही रास्त नफा मिळवू लागली. सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांना मोठे उद्योग पिळून काढतात ही तक्रार महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींतही जुनी आहे. त्या तक्रारीला हे उदाहरण पुरते उत्तर नाही, कारण अशी पुनर्रचना करण्याएवढे अभियंते आणि भांडवल प्रत्येक पुरवठादाराकडे नसते.

आतामीची सभा

जानेवारी १९६१ मध्ये मात्सुशितांनी अध्यक्षपद दत्तक जावई मासाहारू यांच्याकडे दिले. १९६४ मध्ये बाजार थंडावला आणि वितरकांचे हाल झाले. जुलैमध्ये आतामी येथे बोलावलेल्या सभेत बहुतेक वितरक तोट्यात असल्याचे उघड झाले. दोन दिवस आरोप-प्रत्यारोपांत गेले. मात्सुशिता आरंभी वितरकांनाच त्यांच्या प्रयत्नांतील उणिवा दाखवत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चूक कंपनीची असल्याचे सर्वांसमोर मान्य केले. त्या वेळी त्यांना अश्रू आवरले नाहीत. लगोलग त्यांनी विक्री विभागाची सूत्रे हंगामी प्रमुख म्हणून स्वतःकडे घेतली आणि वितरणव्यवस्था नव्याने बसवली.

परदेशातील कारखाने

युद्धोत्तर काळातील कंपनीचा पहिला परदेशी कारखाना १९६१ मध्ये थायलंडमध्ये निघाला. भारतात १९७२ मध्ये वडोदरा येथे लखनपाल नॅशनल ही सेल बनवणारी कंपनी मात्सुशितांच्या सहकार्याने उभी राहिली. आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातील नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर ही मात्र बहुतेक मराठी घरांची या नावाशी झालेली पहिली ओळख होती.

परदेशातील दर्जाचा खरा कस अमेरिकेत लागला. १९७४ मध्ये कंपनीने मोटोरोलाचा दूरचित्रवाणी विभाग विकत घेतला. त्याचे संच क्वेझार या नावाने विकले जात आणि एक मोठा कारखाना इलिनॉय राज्यातील फ्रँकलिन पार्क येथे होता. मात्सुशिता आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते, पण कार्यपद्धती त्यांच्याच मुशीतली होती. जुन्या व्यवस्थापनाखाली जुळणीच्या वेळी दर १०० संचांमागे १५० ते १८० दोष आढळत. काही वर्षांत ते तीन-चारवर आले. गुणवत्तातज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी या आकड्यांकडे लक्ष वेधल्यावर अमेरिकेत मोठी खळबळ माजली, कारण जुळणी करणारे कामगार बहुतांशी तेच होते. बदलले होते ते संचाचे आराखडे, सुटे भाग बसवण्याची यंत्रे, आत येणाऱ्या मालाची तपासणी आणि दोष सापडल्यावर त्याच्या मुळाशी जाण्याची शिस्त. दोषच निघत नसल्याने दुरुस्तीची बाके ओस पडली आणि हमीकाळातील दुरुस्तीचा खर्च कोसळला. वेगळी काटकसर न करता खर्च उतरला. प्रत्यक्ष उत्पादनात नसलेले कर्मचारी मात्र बऱ्याच प्रमाणात कमी केले गेले, हेही नोंदवले पाहिजे. १९२९ चा नियम येथे लागू झाला नाही.

टीका आणि वाद

नळाच्या पाण्याइतकी स्वस्ताई सांगणाऱ्या मात्सुशितांनी आपल्या मालाची किरकोळ किंमत मात्र कडेकोट सांभाळली. दाइएई या दुकानसाखळीने १९६४ मध्ये ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक सवलत देऊन त्यांचा माल विकायला सुरुवात केली, तेव्हा कंपनीने तिचा पुरवठा तोडला. हा तंटा तीस वर्षे चालला. छोट्या दुकानदारांना जगवण्यासाठी हे आवश्यक होते, हे मात्सुशितांचे समर्थन. किंमत ठरवण्याचा हक्क ग्राहकांचा आहे, हे दाइएईचे.

१९७० मध्ये जपानी ग्राहक संघटनांनी दाखवून दिले की देशात महाग विकले जाणारे रंगीत दूरचित्रवाणी संच अमेरिकेत बरेच स्वस्त विकले जात आहेत. बहिष्काराची हाक दिली गेली आणि १९७१ च्या आरंभी कंपनीला किमती उतरवाव्या लागल्या. अमेरिकेतील झेनिथ या कंपनीने मात्सुशिता व इतर जपानी उत्पादकांवर संगनमताने भाव पाडल्याचा दावा लावला. १९८६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जपानी कंपन्यांच्या बाजूने कौल दिला. एवढी वर्षे तोटा सोसून पुढे कधीतरी मक्तेदारी मिळवण्याचा कट व्यावहारिकदृष्ट्या संभवत नाही, असे बहुमताचे म्हणणे होते. तोपर्यंत अमेरिकेतील अनेक दूरचित्रवाणी उत्पादक बाजारातून गेले होते. इतरांच्या शोधांची नक्कल करून ते स्वस्तात विकणारी कंपनी, असा टोमणा मात्सुशितांना जपानमध्येही कायम ऐकावा लागला.

उत्तरायुष्य

१९६५ मध्ये कंपनीने पाच दिवसांचा आठवडा लागू केला. जपानी उद्योगात तो तेव्हा अपवादच होता. १९७३ मध्ये निवृत्त झाल्यावर मात्सुशितांनी लेखन व सार्वजनिक कार्यात लक्ष घातले. १९७९ मध्ये त्यांनी तरुण नेतृत्व घडवण्यासाठी शासन व व्यवस्थापन यांचे प्रशिक्षण देणारी संस्था स्थापन केली. २०११ मध्ये पंतप्रधान झालेले योशिहिको नोदा हे तिचे माजी विद्यार्थी होत.

२७ एप्रिल १९८९ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. दाइएईबरोबरचा तंटा त्यानंतर पाच वर्षांनी मिटला. २००८ मध्ये कंपनीने मात्सुशिता हे नाव सोडून पॅनासॉनिक हे नाव धारण केले. तोशिओ इउए यांची सान्यो २००९ मध्ये तिच्यातच विलीन होण्याच्या मार्गावर उपकंपनी म्हणून परत आली.